अंतराळवीराचे पाय

पागोळी | २८ ऑगस्ट २०२५

सप्रेम नमस्कार.

मी दादरमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझे बहुतेक रुग्ण साठीच्या पुढचे आहेत, आणि खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पुन्हा पायांवर उभे करणे हे माझे रोजचे काम आहे. ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला १५ जुलैला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून पृथ्वीवर परतले, त्या दुपारी मी अशाच एका आजींच्या घरी व्यायाम घेत होते. टीव्हीवर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळचा समुद्र दिसत होता आणि यानातून एकेकाला धरून बाहेर काढले जात होते. आजींनी विचारले, "एवढा तरणाताठा मुलगा, वायुदलातला, त्याला धरून का उभे करतात? पडला-बिडला तर नाही ना?" मी म्हणाले, "आजी, तो गेले वीस दिवस पायांवर उभाच राहिलेला नाही." हे सांगताना माझ्याच लक्षात आले की माझ्या रुग्णांच्या तक्रारी आणि अंतराळवीरांच्या तक्रारी जवळजवळ सारख्या आहेत. त्यानंतर महिनाभर जे वाचले ते इथे मांडावेसे वाटले.

आधी एक गैरसमज दूर करते. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते आणि त्या उंचीवर गुरुत्वाकर्षण संपलेले नसते. जमिनीवर असते त्याच्या जवळजवळ ९० टक्के तिथेही असते. स्थानक आणि त्यातली माणसे एकत्रच पृथ्वीकडे अखंड पडत असतात, परंतु पुढे जाण्याचा त्यांचा वेग इतका प्रचंड असतो की ती जेवढी खाली येतात तेवढाच पृथ्वीचा गोल पृष्ठभागही त्यांच्याखाली वळलेला असतो, आणि म्हणून ती जमिनीला कधी टेकत नाहीत. सतत पडणाऱ्याला स्वतःचे वजन जाणवत नाही. टाचेखाली जमिनीचा रेटा नाही, मणक्यावर डोक्याचा भार नाही, पोटऱ्यांना काम नाही.

शरीर फार काटकसरी असते. ज्या अवयवाला काम नाही त्याला ते पोसत नाही. मांडी, खुबा आणि कंबर यांच्या हाडांतील खनिजांची घनता तिथे व्यायामाविना महिन्याला सरासरी १ ते १.५ टक्क्याने घटते. रजोनिवृत्तीनंतर उपचार न घेणाऱ्या स्त्रीच्या हाडांची साधारण वर्षभरात जेवढी झीज होते, तेवढी तिथे एका महिन्यात होते. हाडातून सुटलेले कॅल्शियम रक्तात उतरते, लघवीवाटे बाहेर पडते आणि त्यामुळे मुतखड्याचा धोका वाढतो. एरवी पायांकडे ओढले जाणारे रक्त व इतर द्रव छातीकडे आणि डोक्याकडे सरकतात, त्यामुळे चेहरा सुजतो, नाक चोंदते आणि पाय काटकुळे होतात. वरच्या भागात द्रव वाढल्याचे पाहून शरीर ते 'जास्तीचे' पाणी बाहेर टाकते, म्हणून परतल्यावर उभे राहताच रक्तदाब कोसळून भोवळ येऊ शकते. ती टाळण्यासाठी अंतराळवीर परतीच्या आधी मीठ आणि पाणी घेतात. महिनाभर आडव्या असलेल्या रुग्णाला मी एकदम उभे करत नाही. आधी उशाकडून उठवते, मग पाय खाली सोडून बसवते आणि नंतरच उभे करते. कारण तेच आहे.

यावर आजवर सापडलेला सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे व्यायाम, आणि तोही रोज सुमारे दोन तास. धावण्याच्या पट्ट्यावर माणूस टिकावा म्हणून त्याला खांद्या-कमरेच्या पट्ट्यांनी खाली ओढून धरावे लागते. सायकलला बैठक नसते, कारण तिथे बसणे ही क्रियाच नाही. वजने उचलून काही उपयोग नाही, म्हणून निर्वात नळकांड्यांच्या विरोधात जोर लावण्याचे यंत्र आहे, आणि त्यावर २७० किलोपर्यंतचा भार घेता येतो. ही सर्व साधने हादरे शोषणाऱ्या जोडांवर बसवलेली आहेत, नाहीतर एका माणसाच्या धावण्याने स्थानकातील नाजूक प्रयोग थरथरतील. सुनीता विल्यम्स यांनी २००७ साली याच पद्धतीने पट्ट्यावर पूर्ण मॅरेथॉन धावली. त्याच सुनीता विल्यम्स ५ जून २०२४ रोजी साधारण आठवड्याभरासाठी म्हणून गेल्या, २८६ दिवस राहिल्या आणि वयाच्या ५९ व्या वर्षी परतल्या. माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने ही घटना कोणत्याही उड्डाणापेक्षा मोठी आहे.

याचा अभ्यास जमिनीवर कसा करतात हे वाचून मी थक्क झाले. जर्मनीतील कोलोन येथे निरोगी स्वयंसेवकांना ६० दिवस खाटेवर झोपवून ठेवतात, आणि तेही डोके पायांपेक्षा ६ अंश खाली ठेवून. जेवण, आंघोळ, वाचन, सर्व काही त्याच अवस्थेत. म्हणजे अंतराळवीर समजून घेण्यासाठी विज्ञानाने अंथरुणाला खिळलेला माणूस निवडला.

माझे म्हणणे एवढेच आहे. मानवी अंतराळप्रवासाच्या भविष्याबद्दल आपण बोलतो तेव्हा रॉकेट, चंद्र आणि मंगळ यांच्याबद्दल बोलतो. भारताला २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक उभारायचे आहे आणि २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवायचा आहे. गगनयानाचे उड्डाण तीन दिवसांचे असेल, तेवढ्यात हाडांना काही होणार नाही. परंतु स्थानकावर महिनोन्‌महिने राहायचे असेल, तर माणसाला तिथे धड ठेवण्याची आणि परतल्यावर चालते करण्याची विद्या आपल्याकडे हवी. ती आपण आतापासून कमवतो आहोत का? जाणकारांनी लिहावे.

नभांगण | २८ ऑगस्ट २०२५

पागोळीताई, लेख दोनदा वाचला. अंतराच्या बाबतीत थोडी भर घालतो, कारण 'अंतराळ' म्हटले की लोकांना ते फार दूर वाटते. मुंबईहून कोल्हापूर रस्त्याने जेवढे आहे, जवळपास तेवढ्याच उंचीवर स्थानक आहे. वेग मात्र असा की चर्चगेट ते विरार हे अंतर ते आठ सेकंदांत ओलांडते. दीड तासात पृथ्वीची एक प्रदक्षिणा, म्हणजे दिवसाला सोळा सूर्योदय आणि सोळा सूर्यास्त. घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चालते, झोपण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, आणि शरीराला दिवस-रात्र कळावी म्हणून दिव्यांच्या प्रकाशाचा रंग बदलण्याची सोय केलेली आहे.

आपल्याकडे ते संधिप्रकाशात उघड्या डोळ्यांनी दिसते. खाली अंधार पडलेला असतो आणि वर स्थानकावर ऊन असते, म्हणून ते न लुकलुकणाऱ्या ठळक ताऱ्यासारखे पाच-सहा मिनिटांत आकाश पार करते. सध्या ढग आहेत. पाऊस सरला की आम्ही तारे पाहायला वांगणीला जातो, तेव्हा दाखवता येईल.

लोहमार्ग | २९ ऑगस्ट २०२५

मी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षे डब्यांच्या दुरुस्तीचे काम केले. आमच्याकडे ठरावीक मुदतीनंतर प्रत्येक डबा 'पीओएच'साठी यायचा, म्हणजे पूर्ण खोलून, तपासून, झिजलेले बदलून पुन्हा जोडला जायचा. गाडी धावते ती इंजिनामुळे, पण ती रोज धावते ती या खोलण्या-जोडण्यामुळे, हे तेथील प्रत्येकाच्या अंगात मुरलेले होते. पागोळीताईंनी शरीराबद्दल जे लिहिले, ते मला घराबद्दल लिहावेसे वाटते.

२ नोव्हेंबर २००० पासून आजपर्यंत आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक एक दिवसही रिकामे राहिलेले नाही. पंचवीस वर्षे होत आली. हे जमले ते तेथील माणसांनी बाकीच्या कामांबरोबर प्लंबर, वायरमन आणि झाडूवाला यांचीही कामे केली म्हणून. हवा फिरवणारे पंखे क्षणभर थांबले तर झोपलेल्या माणसाच्या तोंडासमोर त्यानेच सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साठा होतो, कारण तिथे गरम हवा वर जात नाही आणि थंड हवा खाली येत नाही. सुटलेला स्क्रू आणि धुळीचा कण जमिनीवर पडत नाही. तो हवेच्या ओढीने जाऊन झरोक्यांच्या जाळीवर बसतो. दर आठवड्याला त्या जाळ्या साफ कराव्या लागतात. लघवी, घाम आणि उच्छ्‌वासातील बाष्प यांपासून पुन्हा पिण्याचे पाणी करतात, आणि २०२३ साली या पाण्याच्या पुनर्वापराचे प्रमाण ९८ टक्क्यांपर्यंत पोहोचले. आठवडाभर पाणीकपात झाली की आपल्या चाळीत काय होते ते आठवले, म्हणजे या आकड्याचे मोल कळेल.

एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते तो प्रत्येक शिकाऊ फिटरला सांगायला हवा. १६ जुलै २०१३ रोजी इटलीचे लुका पार्मितानो स्थानकाबाहेर काम करत होते. त्यांना मानेमागे ओलसर लागले. हळूहळू शिरस्त्राणात पाणी साचू लागले. तिथे पाणी खाली ओघळत नाही, ते पृष्ठभागाला धरून पसरते. म्हणून ते डोक्याच्या मागून पुढे आले, कानांत शिरले, डोळ्यांवर चढले आणि नाकापर्यंत पोहोचले. त्यातच सूर्यास्त झाला. समोरचे दिसेना, संभाषण नीट ऐकू येईना. सुरक्षा-दोरीची ओढ चाचपत ते हवाबंद दारापर्यंत परतले. शिरस्त्राण काढले तेव्हा त्यात लिटरभराहून अधिक पाणी होते. पोशाख थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या व्यवस्थेतील एक भाग घाणीने चोंदला होता आणि तेथून पाणी हवेच्या मार्गात शिरले होते.

आता महत्त्वाची गोष्ट. आठवडाभर आधी, ९ जुलैला, त्याच पोशाखात थोडे पाणी आढळले होते. तेव्हा सर्वांनी मान्य केले की पिण्याच्या पाण्याची पिशवी गळली असावी. पिशवी बदलली आणि पोशाख पुन्हा बाहेर गेला. गळतीचे सोपे कारण पहिल्यांदा हाताशी आले आणि मूळ शोधण्याचे राहून गेले. आमच्या शॉपमध्ये ब्रेकच्या नळीतून हवा गळते आहे असे दिसले की वॉशर बदलून डबा पुढे ढकलायची घाई काहींना असायची. मी स्वतः तरुणपणी एकदा तसे केले होते, आणि तो डबा चार दिवसांत परत आला. कोणाला इजा झाली नाही, परंतु आमच्या मिस्त्रींनी मला जे सुनावले ते आजही कानात आहे.

त्या घटनेनंतर शिरस्त्राणात मागे पाणी शोषणारी जाड गादी बसवली गेली, आणि तोंडाशी एक नळी बसवली गेली, जिच्यातून पोशाखातील खालच्या भागातील हवा घेता यावी. इतका साधा उपाय, पण तो सुचायला एक माणूस बुडता बुडता वाचावा लागला. म्हणून मला वाटते की आपले स्थानक उभारताना उड्डाणाच्या तंत्रज्ञांइतकेच देखभालीचे तंत्रज्ञ लागतील, आणि कोणता भाग कधी चोंदतो, कधी झिजतो याच्या वह्या आतापासून लिहाव्या लागतील.

चिकित्सक | २९ ऑगस्ट २०२५

वरील लेखन अभ्यासपूर्ण आहे, परंतु मला त्यातून नेमका उलट निष्कर्ष निघताना दिसतो. माणूस तिथे पाठवायचा, तर त्याच्यासाठी हवा, पाणी, व्यायामशाळा, शौचालय आणि परतीची वाट, सगळे पाठवावे लागते, आणि त्याचा बहुतेक वेळ स्वतःला व घराला जिवंत ठेवण्यात जातो. मग पाठवायचाच कशाला?

चांद्रयान-३ सुमारे ६१५ कोटी रुपयांत २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरले. त्यात कोणी बसलेले नव्हते, म्हणून कोणाची हाडे झिजली नाहीत. गगनयान कार्यक्रमाला २०१८ मध्ये ९,०२३ कोटी मंजूर झाले होते. पुढे स्थानकाचा पहिला भाग आणि वाढीव उड्डाणे धरून तो आकडा २०,१९३ कोटींवर गेला. मला विज्ञानाचे महत्त्व अमान्य नाही. उलट त्याच पैशात अधिक विज्ञान कसे होईल, हाच माझा प्रश्न आहे. यंत्रमानव दरवर्षी सुधारत आहेत, मानवी शरीर मात्र आहे तसेच आहे.

विक्रोळी_पूर्व | २९ ऑगस्ट २०२५

मी वेल्डिंगची तपासणी करत असे, आता निवृत्त आहे. खर्चाच्या वादात मी पडत नाही. माणूस बसणार असेल तर कामात काय बदलते, एवढेच सांगतो.

गगनयान ज्या एलव्हीएम-३ रॉकेटवरून जाणार आहे, त्याच्या मधल्या टप्प्यात द्रव इंधनावर चालणारी दोन 'विकास' इंजिने असतात, आणि ती आपल्या विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात तयार होत आली आहेत. बाजूच्या बूस्टरच्या कवचाचे काम पवईत लार्सन अँड टुब्रोकडे झाले. पूर्व द्रुतगती मार्गावरून रोज जाणाऱ्या लोकांना हे ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते.

उपग्रह वाहून नेणारे इंजिन आणि माणूस वाहून नेणारे इंजिन दिसायला एकच असते. फरक असतो तो कागदांत आणि चाचण्यांत. प्रत्येक सांध्याचे क्ष-किरण चित्र, प्रत्येक धातूच्या तुकड्याची कुळकथा, कोणी जोडला, कोणी तपासला, याची नोंद. त्याशिवाय, काही बिघडलेच तर माणसाला घेऊन यान रॉकेटपासून क्षणात दूर नेणारी वेगळी यंत्रणा लागते. तिची पहिली उड्डाण-चाचणी २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याला झाली. उलटगणती शेवटच्या ५ सेकंदांवर असताना संगणकाने ती थांबवली, दोष शोधला गेला, आणि त्याच सकाळी दहाच्या सुमारास चाचणी यशस्वी झाली. मला त्या यशापेक्षा तो ५ सेकंदांवरचा थांबा अधिक मोलाचा वाटतो. गेल्याच रविवारी, २४ ऑगस्टला, चिनूक हेलिकॉप्टरमधून यानाची प्रतिकृती सोडून पॅराशूटची चाचणी झाली. शुक्लांचे उड्डाणही जूनमध्ये एकदा रॉकेटमधील द्रवरूप प्राणवायूची गळती सापडल्यामुळे पुढे ढकलले गेले होते. त्या वेळी वृत्तवाहिन्यांना उशिराची फार काळजी वाटत होती. मी मात्र घरी शांत होतो.

याच्या विरुद्ध उदाहरण सर्वांना माहीत आहे. १६ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेचे कोलंबिया यान निघाले तेव्हा बाहेरच्या टाकीवरील फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असताना काही अभियंत्यांनी पंखाची छायाचित्रे मिळवावीत अशी विनंती केली होती. ती मान्य झाली नाही. पूर्वीच्या उड्डाणांतही फोम पडला होता आणि काही झाले नव्हते, म्हणून ते नेहमीचेच धरले गेले. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटले आणि कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी गेले. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी ही गोष्ट सांगतो तेव्हा एकच वाक्य फळ्यावर लिहितो: 'मागच्या वेळी चालले होते' हा शेरा तपासणीच्या कागदावर लिहायचा नाही.

चुलीपाशी | ३० ऑगस्ट २०२५

मी इथे बहुधा पाककृतींच्या धाग्यांवर असते, त्यामुळे जेवणाबद्दल लिहिते. शुक्ला यांनी सोबत गाजराचा हलवा, मुगाचा हलवा आणि आमरस नेला होता, हे आपण वाचलेच. पागोळीताईंनी नाक चोंदण्याबद्दल लिहिले आहे त्याचा स्वयंपाकाशी थेट संबंध आहे: वास येत नाही म्हणून चव फिकी लागते, आणि तिथे गेल्यावर अनेकांना तिखट-मसालेदार हवेसे वाटते. मीठ आणि मिरपूड द्रवरूपात ठेवतात, कारण भुकटी हवेत उडून डोळ्यांत आणि यंत्रांत जाईल. पावाचा चुरा होतो म्हणून मेक्सिकन टॉर्टिया वापरतात, जी आपल्या पोळीची सख्खी बहीण आहे. गगनयानासाठीचे अन्न म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेत तयार होत आहे.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे शुक्ला यांनी तिथे मूग आणि मेथी रुजवली. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि तेथील आयआयटीचा तो प्रयोग होता. आपण मूग फडक्यात बांधून ठेवतो आणि सकाळी मोड आलेले दिसतात. मातीत पेरले तर बी कसेही पडले तरी मूळ बरोबर खाली वळते. मुळाच्या टोकाच्या पेशींत पिठूळ जड कण असतात, ते खाली बसतात आणि त्यावरून रोपाला दिशा कळते. जिथे खाली असे काही नाहीच, तिथे मुळाला वाट कोण दाखवणार? प्रकाश आणि ओलावा यांवर ते कितपत भागवते, हे पाहायला हवे. मंगळापर्यंतच्या प्रवासात ताजे काही खायचे असेल तर मोड आणण्याइतकी सोपी शेती दुसरी नाही. वाटीभर जागा, थोडे पाणी आणि तीन दिवस.

पागोळी | ३० ऑगस्ट २०२५

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चिकित्सक, आपला प्रश्न मला टाळायचा नाही, म्हणून काल रात्री त्यावर बराच विचार केला.

अंतराळातील वैद्यकीय संशोधनाचा उपयोग जमिनीवरच्या रुग्णांना होतो, असे उत्तर देण्याचा मोह होतो. ते खरेही आहे, परंतु पुरेसे नाही. माझ्या आजींसाठीच पैसा खर्च करायचा असेल तर तो थेट त्यांच्यावर करावा, त्यासाठी ४०० किलोमीटर वर जाण्याची गरज नाही.

मला दुसरे उदाहरण महत्त्वाचे वाटते. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ मोहिमेतले दोघे अंतराळवीर चंद्रावर तीन दिवस राहिले आणि त्यांनी गाडीतून सुमारे ३५ किलोमीटर प्रवास केला. त्यांतील हॅरिसन श्मिट हे भूवैज्ञानिक होते. एका विवराच्या काठाशी चालताना त्यांना बुटाखालची माती नारिंगी दिसली, ते तिथेच थांबले, खणले, नमुना घेतला. त्यातून चंद्रावरील अतिप्राचीन ज्वालामुखींच्या काचमण्यांची माहिती मिळाली. मंगळावर ऑपर्च्युनिटी या रोव्हरने सुमारे ४५ किलोमीटर अंतर कापले, पण त्याला चौदा वर्षे लागली. ते यंत्र माझ्या मनात फार आदराच्या जागी आहे. तरीही वाट सोडून वाकून पाहणे, हे कोणी आधी आज्ञेत लिहून ठेवू शकत नाही. माझ्या रुग्णाच्या चालीत काही खटकते ते मला यंत्राच्या आलेखावर नंतर दिसते. आधी ते मला दारातच दिसलेले असते.

चिकित्सक | ३० ऑगस्ट २०२५

उदाहरण चांगले आहे आणि मी ते मान्य करतो. परंतु हेही नोंदवावे लागेल की ऑपर्च्युनिटी चौदा वर्षे तिथे राहिली, तर ते दोघे तीन दिवसांत परतले, आणि त्यानंतर ५२ वर्षांत कोणीही माणूस चंद्रावर गेलेला नाही. जे एकदा करून अर्धशतकभर परवडत नाही, त्याला भविष्य म्हणावे का? आपले स्थानक झाले तर ते २०३५ नंतर दरवर्षी चालवण्याची तरतूद कोठून येणार, हा माझा प्रश्न उरतोच. एवढे मान्य करतो की हे करायचेच असेल, तर लोहमार्ग म्हणतात त्या वह्यांपासून सुरुवात व्हावी.

लोहमार्ग | ३१ ऑगस्ट २०२५

चिकित्सक साहेब, तरतुदीचा प्रश्न रास्त आहे. त्याला जोडून आणखी एक सांगतो. सध्याचे स्थानक २०३० च्या सुमारास बंद करून प्रशांत महासागराच्या निर्जन भागात पाडण्याचे नियोजन आहे. एवढे मोठे घर, १०९ मीटर लांबीचे, ते ओढून खाली आणण्यासाठी वेगळे यान बांधायचे कंत्राटही देऊन झाले आहे. त्यामुळे तेथे काम करून शिकण्याची आपली मुदत फार थोडी आहे. आज आपल्याकडे स्थानकावर राहिलेला एकच कार्यरत अंतराळवीर आहे. १९८४ मध्ये राकेश शर्मा जवळपास आठ दिवस अंतराळात होते, त्यातले बहुतेक सॅल्यूट-७ या सोव्हिएत स्थानकावर, आणि त्यानंतर एक्केचाळीस वर्षे गेली. अशा कामात खंड पडला की हातातली विद्या जाते. आमच्या शॉपमध्ये एक जुने लेथ वीस वर्षे बंद होते. ते चालवणारा शेवटचा माणूस निवृत्त झाल्यावर त्याच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा कोणी उरला नाही.

मंगळाचे तर गणितच निराळे आहे. स्थानकावर कोणी आजारी पडले तर काही तासांत त्याला पृथ्वीवर आणता येते. मंगळाच्या वाटेवर सहा ते नऊ महिने जातात, परत फिरता येत नाही, आणि संदेश एका बाजूने पोहोचायला अंतरानुसार ३ ते २२ मिनिटे लागतात. पार्मितानोंच्या शिरस्त्राणात पाणी साचले तेव्हा त्यांनी विचारले आणि ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाने लगेच उत्तर दिले. तिथे उत्तर येईपर्यंत सगळे संपलेले असेल. म्हणून ज्याला स्वतःचे यंत्र स्वतः खोलता येते, असाच माणूस तिकडे जावा. गगनयानासाठी निवडलेले आपले चौघेही वायुदलाचे चाचणी वैमानिक आहेत आणि पहिल्या उड्डाणांसाठी ते योग्यच आहे. पुढच्या तुकड्यांत अभियंते, डॉक्टर, कारागीर हाताचे लोक आणि अर्थातच स्त्रिया असाव्यात, असे मला वाटते.

पागोळी | ३१ ऑगस्ट २०२५

लोहमार्ग काका, तुमचे म्हणणे शब्दशः पटले. एक लहानशी गोष्ट राहिली होती. शुक्ला यांनी परतल्यानंतर सांगितले की त्यांनी पलंगावर बसून लॅपटॉप बंद केला आणि तो तरंगत राहील अशा सवयीने बाजूला सोडून दिला; तो खाली पडला. वीस दिवसांत मेंदूने जमिनीचा नियम बाजूला ठेवला होता. वर पोहोचल्यावर आपण बाळासारखे सगळे नव्याने शिकतो आहोत, अशा अर्थाचे ते बोलले होते, आणि परतल्यावर तेच उलट दिशेने करावे लागले. हे मी आजींना सांगितले. वाढलेल्या वयात पुन्हा चालायला शिकावे लागते याची त्यांना जी लाज वाटत होती, ती त्या दिवसापासून कमी झाली आहे. आता त्या माझ्याआधी व्यायामाला तयार असतात.

नभांगण, त्यांना स्थानक पाहायचे आहे. वांगणीला नेता येणार नाही. त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही, गच्ची मात्र आहे. आज त्या अकरा पायऱ्या चढल्या. गच्चीपर्यंत चौपन्न आहेत.

नभांगण | ३१ ऑगस्ट २०२५

ताई, दादरच्या गच्चीवरूनही ते उत्तम दिसेल, त्याला वांगणीचा अंधार लागत नाही. आकाश मोकळे होईपर्यंत दसरा उजाडेल. त्यानंतरच्या उंचावरून जाणाऱ्या सगळ्या फेऱ्यांच्या वेळा आणि दिशा मी इथे देत जाईन. प्रत्येक वेळी निदान वीस मिनिटे आधी वर निघावे लागेल, हे धरून चला. यंदा जमले नाही तरी हरकत नाही, स्थानक अजून पाच वर्षे वर आहे.